ऑपरेशन बाईनंच का करायचं? मर्दपणाचा शंभर वर्षांचा हिशेब

आजचा भाग सुरू करण्याआधी एक सूचना. हेडफोन लावा. विषय निरोधचा आहे, नसबंदीचा आहे, आणि आपण पुरुष या दोन्हींपासून का पळतो त्याचा आहे. घरात सगळ्यांसमोर स्पीकरवर ऐकता आला असता, तर हा भाग करायची गरजच पडली नसती. ज्यांना ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिहिलेला मजकूर. बोलताना अडखळलो तेवढं काढून टाकलंय, बाकी तसंच ठेवलंय.

सुरुवात घरापासून करतो.

आमचं गाव धारूर तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात. दिवाळी झाली की अर्धं गाव कारखान्याला निघतं. गेल्या वर्षी त्याच सुमारास माझ्या धाकट्या चुलतभावाच्या बायकोची दुसरी डिलिव्हरी झाली. आम्ही सगळे दवाखान्यात जमलो होतो. तिथल्या सिस्टरनं भावाला विचारलं, "दोन झाली आता. ऑपरेशनचं काय ठरलं? तुम्हीच करून घ्या की. थोड्या वेळाचं काम, त्याच दिवशी घरी." भाऊ म्हणाला, "अन् मग कोयता कोण धरणार?"

सगळे हसले. मीही हसलो. पलंगावर जी पडली होती तिनं गेले चार हंगाम त्याच्या बरोबरीनं ऊस तोडलाय आणि वर डोक्यावर मोळ्या वाहिल्यात. ते त्या क्षणी कुणाच्याच लक्षात आलं नाही. शेवटी ऑपरेशन तिचंच ठरलं.

पुण्याला परत येताना गाडीत माझी बायको म्हणाली, "तू हसलास. पण आपल्या घरात तरी काय वेगळं आहे?"

मला राग आला. कारण ती खरं बोलत होती. आम्हाला एक मुलगी आहे, दुसरं मूल इतक्यात नको असं दोघांचं ठरलंय. पण कंडोम वापरायचा म्हटलं की मी टाळाटाळ करतो. "मजा येत नाही", "आज संपलाय", "एखाद्या वेळी काय होतंय". त्या एका वर्षात तिनं तीन वेळा ७२ तासांची गोळी घेतली होती. पाळी पुढं-मागं झाली, जीव टांगणीला लागला, तो तिचा. भाऊ सातवीत शाळा सोडलेला, मी बीटेक. पण दोघांचा नियम एकच : त्रास तिनं काढायचा.

आमच्या कामात एक कमांड असते, गिट ब्लेम. जुन्या कोडमधली विचित्र ओळ कुणी लिहिली आणि कधी लिहिली हे ती दाखवते. मी ठरवलं, या नियमावरही गिट ब्लेम मारून बघू. आजचा भाग म्हणजे तेच.

गणिताचे मास्तर आणि ब्रह्मचर्याचं भूत

शंभर वर्षं मागं जाऊ. मुंबईत विल्सन कॉलेजात गणित शिकवणारे एक प्राध्यापक होते, रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपलं पहिलं केंद्र उघडलं. म्हणजे या एका बाबतीत मुंबई जगाच्या मागं नव्हती. पण कॉलेजला हे झेपलं नाही आणि कर्व्यांची नोकरी गेली. मग १९२७ च्या जुलैत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवलं. कर्वे आणि मालतीबाई यांनी स्वतः मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं आणि ते पाळलं.

संततिनियमन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बाईच येते. कर्व्यांनी मात्र 'गुप्तरोगांपासून बचाव' नावाचं पुस्तकही लिहिलं. मूल नको असणं आणि रोग नको असणं या दोन्ही गोष्टी त्यांच्या डोक्यात एकत्र होत्या, आणि दोन्हींची जबाबदारी पुरुषावरही होती.

त्यांची खरी लढाई एका समजुतीशी होती. वीर्य म्हणजे ताकद, ते जपलं तर पुरुष तेजस्वी, गेलं तर खंगला. आजही एसटीच्या खिडकीतून भिंतींवर 'गुप्तरोग, कमजोरी, धात जाणे' अशा जाहिराती दिसतात ना, त्यामागं हीच समजूत आहे. १९६० मध्ये डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी या भीतीतून होणाऱ्या आजाराला 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. कर्वे त्याच्या कितीतरी आधी वाचकांना सांगत होते की असं काही नसतं. त्यांच्या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं असायची, आणि त्यावरूनच १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लोक प्रश्न विचारतात आणि त्यांना शास्त्रीय उत्तर मिळतं, त्यात अश्लील काय, अशी त्यांची बाजू होती. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण मासिक बंद पडलं नाही.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९३५ मध्ये, अमेरिकेच्या मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या. गांधीजींचं म्हणणं ठाम होतं : साधनं नकोत, संयम हवा. म्हणजे त्या काळात मर्द असण्याचे दोन रस्ते होते. एक तर स्वतःला आवरून दाखवा, नाहीतर घर पोरांनी भरून दाखवा. जवळही जायचं आणि काळजीही घ्यायची, हा तिसरा रस्ता कर्वे दाखवत होते. त्यात पराक्रम नव्हता, फक्त जबाबदारी होती. म्हणून तो फारसा कुणाला आवडला नाही.

पाच पैशांचा निरोध

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली भारतानं सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला. असा कार्यक्रम हाती घेणारा आपला देश जगात पहिला. १९६८ मध्ये सरकारनं निरोध बाजारात आणला. १५ पैशांना तीन, म्हणजे एक पाच पैशांना. तो गावोगावच्या दुकानात पोचवायचं काम चहा, साबण, सिगारेट आणि बॅटरीचे सेल विकणाऱ्या बड्या कंपन्यांच्या जाळ्यामार्फत झालं. नावाचा किस्सा सांगतात तो असा की आधी 'कामराज' हे नाव सुचलं होतं. पण तेव्हा काँग्रेसचे बडे नेतेच के. कामराज! मग 'निरोध' ठरलं.

नाव ठरलं, पण ते घेणं काही सोपं झालं नाही. आम्ही शाळेत असताना आरोग्य केंद्रातले फुकटचे निरोध फुगवून गल्लीत फुगे उडवायचो. मोठी माणसं बघून हसायची नाहीतर चपराक मारायची. हे काय आहे ते कुणीच सांगितलं नाही. पंधरा वर्षांनी बीडमध्ये मेडिकलवर उभा राहिलो तेव्हा आधी खोकल्याच्या गोळ्या मागितल्या, मग बाम मागितला, आणि तसाच परत आलो. दुकानदार ओळखीचा होता ना.

आजोबा बार्शीला जायचे थांबले

आता १९७६. आणीबाणी चालू आहे.

त्याआधी नसबंदी म्हणजे मुख्यतः पुरुषांचीच, हे आज सांगितलं तर पटत नाही. १९७१ साली केरळात एर्नाकुलमला एका महिन्याच्या शिबिरात सुमारे ६३ हजार पुरुषांनी नसबंदी करून घेतली होती. त्यासाठी जत्रेसारखं वातावरण, भेटवस्तू, पैसे, सगळं होतं. म्हणजे पुरुष मुळातच तयार होत नाहीत हे खरं नाही.

आणीबाणीत मात्र टार्गेट आलं. तलाठी, मास्तर, ग्रामसेवक, ज्याला त्याला कोटा. कोटा भरला नाही तर पगार अडणार. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांच्या वर नसबंदी झाल्या आणि त्यातल्या सुमारे ६२ लाख पुरुषांच्या होत्या. महाराष्ट्र विधानसभेनं तर त्या वर्षी तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून कायदा झाला नाही.

आमच्या शेजारच्या बार्शीत १९७६ च्या जानेवारीत लोकांना धरून नेऊन नसबंदी केल्याचं प्रकरण देशभर गाजलं. आमचे आजोबा बार्शीच्या अडतीवर तूर घेऊन जायचे. ते सांगायचे, "त्या साली आम्ही बाजाराला जाणंच सोडलं. जीप दिसली की ज्वारीत शिरायचो." आणि आवाज खाली आणून म्हणायचे, "नेलेला माणूस परत आला तरी तो गडी राहत नाही."

मी हे लहानपणापासून गंमत म्हणून ऐकलं. आता वाटतं, हीच ती ओळ. चुलतभाऊ दवाखान्यात जे बोलला ते अडाणीपणातून आलेलं नव्हतं. ज्वारीत लपलेल्या आजोबाची भीती त्याच्यापर्यंत आली होती. सरकारनं पुरुषाचं शरीर जबरदस्तीनं ताब्यात घेतलं, आणि लोकांनी त्या अपमानाला 'नामर्द' हा शब्द दिला. अपमान विसरला गेला, शब्द राहिला.

१९७७ मध्ये सरकार पडलं. पुढच्या वर्षभरात नसबंदीचा देशाचा एकूण आकडा दहा लाखांच्याही खाली आला. नंतर कोणत्याच सरकारला पुरुषाच्या वाटेला जायचं धाडस झालं नाही. त्याच काळात दुर्बिणीची, बिनटाक्याची शस्त्रक्रिया आली आणि शिबिरांमध्ये बायकांच्या रांगा लागल्या. बाई तक्रार करत नव्हती, आणि केली तरी सरकार पडणार नव्हतं.

याचा परिणाम आजही आकड्यांत दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१ : देशात शंभरातल्या जवळपास ३८ विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं आहे. पुरुष नसबंदीवर अवलंबून असलेल्या आहेत ०.३. कंडोमवर साडेनऊ. आणि याच पाहणीत सुमारे ३५ टक्के पुरुषांनी मान्य केलं की गर्भनिरोधन हे बायकांचं काम आहे, पुरुषानं त्याची काळजी करायची गरज नाही. गंमत म्हणजे पुरुषाचं ऑपरेशन जास्त सोपं आहे आणि सरकार त्यासाठी बाईपेक्षा पैसेही जास्त देतं. तरी ही स्थिती.

बलबीर पाशा आणि घरचा प्रश्न

मध्येच एड्स आला. १९८६ मध्ये देशात पहिल्या केसेस सापडल्या आणि कंडोम पुन्हा पुरुषासमोर येऊन उभा राहिला, आता रोगापासून बचाव म्हणून. २००२ च्या शेवटी मुंबईत होर्डिंग लागली : 'बलबीर पाशाला एड्स होईल का?' बलबीर पाशा हे काल्पनिक पात्र. दारू प्यायला की तो कंडोम विसरतो. तो एकीकडेच जातो म्हणून स्वतःला सुरक्षित समजतो. समोरची तब्येतीनं बरी दिसते म्हणून बिनधास्त राहतो. आपण देतो त्या सगळ्या सबबी त्या एका माणसाच्या अंगावर घातल्या होत्या. २००८ मध्ये तर 'कंडोम, कंडोम' अशी रिंगटोन आली. उद्देश एवढाच की हा शब्द चारचौघांत मोठ्यानं ऐकू यावा.

सांगलीत 'संग्राम' ही संस्था १९९२ पासून वेश्यावस्तीतल्या बायकांबरोबर काम करत होती. पुढं त्या बायकांनी स्वतःची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' बांधली. कंडोम नाही तर गिऱ्हाईक नाही, हे एकटी बाई म्हणू शकत नाही, सगळ्या मिळून म्हणू शकतात. हे वाचताना मला एक गोष्ट टोचली. लग्नाच्या बाईला अशी संघटना कुठाय? तिनं नवऱ्याला निरोध वापर म्हटलं, तर पहिला प्रश्न येतो, "माझ्यावर संशय घेतेस का?" दुसरा त्याहून वाईट, "तू कुठं गेली होतीस?" बाहेर काळजी घेणं म्हणजे हुशारी, आणि घरात घेणं म्हणजे अविश्वास, असा अर्थ आपणच लावून ठेवलाय.

पिशवी

आता पुन्हा बीडला येतो.

२०१९ मध्ये बातमी आली की आपल्या जिल्ह्यात ऊसतोड बायकांची गर्भपिशवी मोठ्या प्रमाणावर काढली जातेय. विधान परिषदेच्या डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहांत एक.

कारणं पुष्कळ. कारखान्यावर नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल दोघांच्या नावावर. एक दिवस खाडा झाला तरी मुकादम पैसे कापतो. कोपीत ना संडास, ना मोरी. पाळीत मोळ्या उचलायच्या. कोवळ्या वयात लग्न, विशीच्या आत दोन मुलं. वरून काही खासगी डॉक्टर 'कॅन्सर होईल' म्हणून घाबरवणारे. यातलं एकही कारण लहान नाही.

पण माझी मावशी यातलीच एक. बत्तिसाव्या वर्षी पिशवी गेली. तक्रार काय होती? अंगावरून पांढरं जाणं आणि ओटीपोटात दुखणं. पिशवी काढण्याआधी एका सरकारी डॉक्टरीणबाईंनी तिला गोळ्या दिल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, "नवऱ्यालाही या गोळ्या द्या, आणि कोर्स होईपर्यंत निरोध वापरायला सांगा. नाहीतर पुन्हा होईल." पांढरं जाणं प्रत्येक वेळी संबंधातून आलेल्या संसर्गामुळंच असतं असं नाही. पण जेव्हा असतं, तेव्हा दोघांचा इलाज एकदम झाला नाही तर तो संसर्ग फिरून परत येतो. इंजिनिअरच्या भाषेत, एकाच कॉम्प्युटरवरचा व्हायरस काढला आणि पेन ड्राइव्ह तसाच ठेवला.

काका म्हणाले, "मला काय झालंय? मी कशाला गोळ्या खाऊ?" तिला पुन्हा झालं. पुन्हा झालं. तिसऱ्या वेळी खासगी दवाखाना, उसनवारीचे पैसे आणि ऑपरेशन. "पोरं झालीत, आता पिशवीचं काय काम," असं घरातलेच म्हणाले. आज ती पंचेचाळीसची आहे. कंबर, सांधे, घाम, झोप नाही. काका चांगले आहेत, मायाळू आहेत, तिला दवाखान्यात तेच नेतात. आठ गोळ्यांचं पाकीट मात्र त्यांना जड झालं होतं.

मावशीच्या पिशवीला एकटे काकाच जबाबदार आहेत असं मी म्हणत नाही. मुकादम आहे, दवाखाना आहे, गरिबी आहे. पण या सगळ्या साखळीत जी एक कडी घरातल्या घरात, फुकटात तुटू शकत होती, ती मर्दपणानं तुटू दिली नाही.

मग काय करायचं?

२००५ च्या आसपास मुंबईच्या वस्त्यांमध्ये 'कोरो' संस्थेच्या पोरांबरोबर 'यारी-दोस्ती' नावाचा उपक्रम झाला. तरुण मुलं गटात बसून बोलायची, मर्द कशाला म्हणायचं, मुलीनं नाही म्हटलं तर काय, कंडोम का नको वाटतो. त्यांची घोषणा होती 'सोच सही, मर्द वही'. अभ्यासात दिसलं की गटात बसलेल्या मुलांचा कंडोमचा वापर वाढला. नुसता कंडोम वाटून तो वाढत नाही, आधी मर्द या शब्दावर बोलावं लागतं, एवढं यातून कळतं.

आणि दोन साध्या गोष्टी, ज्या आजोबांना कुणी सांगितल्या नाहीत. नसबंदीत शुक्राणू वाहून नेणारी बारीक नळी बंद करतात. पुरुषपणाचं हार्मोन त्या नळीतून जातच नाही, ते थेट रक्तात मिसळतं. म्हणून ताकद, इच्छा, ताठरता, दाढी, आवाज, सगळं तसंच राहतं. वीर्यही येतं, फक्त त्यात बीज नसतं. काही दिवस जड काम टाळायचं आणि साधारण तीन महिने, तपासणी होईपर्यंत, कंडोम वापरायचा. दुसरी गोष्ट, नसबंदी रोगापासून वाचवत नाही, ते काम कंडोमचंच. गुप्तरोगाची शंका असेल तर भिंतीवरच्या नंबरला फोन करू नका, सरकारी रुग्णालयात 'सुरक्षा क्लिनिक' विचारा. आणि दोघं जा.

हा भाग लिहून झाल्यावर मी चुलतभावाला फोन लावला. तो कारखान्यावर होता, मागं ट्रॅक्टरचा आवाज. वहिनीचे टाके भरलेत, पण ती अजून तोडीवर आलेली नाही. तो अर्ध्या कोयत्यावर एकटा तोडत होता. मी त्याला आजोबांची ज्वारीतली गोष्ट सांगितली, हार्मोनचं सांगितलं. तो सगळं ऐकून म्हणाला, "भाऊ, हे त्या दिवशी दवाखान्यात का नाही सांगितलंस? तू तर हसलास."

माझ्याकडं उत्तर नव्हतं. मग त्यानं विचारलं, "अन् तू स्वतः काय करायलास?"

त्याला सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. आम्हाला दुसरं मूल हवं की नको हे अजून ठरायचंय, म्हणून नसबंदी आत्ता नाही. ज्या दिवशी ठरेल, त्या दिवशी टेबलावर मी जाईन. तोवर ती गोळी आमच्या घरात बंद. कंडोम आणायचा मी, संपायच्या आधी आणायचा मी. गेल्या आठवड्यात सोसायटीखालच्या मेडिकलवर गेलो, चार माणसं उभी होती. खोकल्याच्या गोळ्या न मागता थेट कंडोमचं पाकीट मागितलं. कान गरम झाले होते, खोटं कशाला सांगू. दुकानदारानं सवयीनं काळी पिशवी काढली. मी म्हटलं, "राहू द्या, खिशात मावतंय."

हा भाग एखाद्या मित्राला पाठवा, लग्न ठरलेल्याला तर नक्की पाठवा. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या, दोघांचीही.